गिर्यारोहणाचे प्रमाणित प्रशिक्षक होण्यासाठी

सह्याद्रीत काही वर्षे भटकंती झाली आणि दोर, हार्नेस (दोराला जोडायचा कमर-मांड्यांचा पट्टा) हाताळण्याचा सराव झाला, की आपणही इतरांना शिकवावे असे अनेकांना वाटू लागते. ही इच्छा चांगलीच आहे; परंतु स्वतःला कडा चढता येतो म्हणून तो दुसऱ्याला शिकवता येईलच असे नाही, आणि शिकवण्याची ही पात्रता मिळवण्यासाठी भारतात एक ठरलेला मार्ग आहे. बेसिक, अ‍ॅडव्हान्स आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजेच एम.ओ.आय., असे तीन अभ्यासक्रम याच क्रमाने पूर्ण करावे लागतात.

हे अभ्यासक्रम दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४), उत्तरकाशीची नेहरू माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९६५) आणि मनाली येथील अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाची संस्था अशा मान्यताप्राप्त संस्थांमध्ये चालतात. तुकड्या कित्येक महिने आधी भरतात, त्यामुळे रजा, परीक्षा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांची जुळवाजुळव करून वेळापत्रक जाहीर होताच अर्ज करावा. वयोमर्यादा आणि शुल्क संस्थेनुसार बदलते. ते त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातच पाहावे.

बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स हे प्रत्येकी साधारण चार आठवड्यांचे असतात. बेसिकमध्ये प्रस्तरारोहण, बर्फावरील चाल, आइस अ‍ॅक्सचा वापर, गाठी, बिले (चढणाऱ्या-उतरणाऱ्याला दुसऱ्याने दोराने सांभाळणे) आणि रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे) शिकवतात. अ‍ॅडव्हान्समध्ये दोर लावणे, हिमभेगेतून सुटका आणि एखाद्या शिखराची चढाई यांची भर पडते. येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्रेणीची आहे: बेसिकमध्ये ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सला आणि अ‍ॅडव्हान्समध्ये ‘ए’ मिळाली तरच एम.ओ.आय.ला प्रवेश मिळतो. ही श्रेणी केवळ दमसासावर मिळत नाही. शिस्त, साहित्याची काळजी आणि दमलेल्या सोबत्याशी असलेली वागणूक यांवरही प्रशिक्षकांचे लक्ष असते. तरीही तयारीविना जाऊ नये. आधीचे तीन-चार महिने नियमित धावावे आणि पाठीवर १५ किलो वजन घेऊन सिंहगडासारखा जवळचा गड आठवड्यातून एकदा तरी चढावा.

एम.ओ.आय. सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि माझ्या मते खरा कस येथेच लागतो, कारण येथे तुम्हाला स्वतः पाठ घ्यावा लागतो. विषय नेमून दिला जातो, त्याची आखणी लिहून काढायची असते, सहप्रशिक्षणार्थींसमोर प्रात्यक्षिक द्यायचे असते आणि नंतर त्यातील उणिवा ऐकून घ्यायच्या असतात. साधी बोलाइनची गाठ घ्या. शिकणाऱ्याच्या समोर उभे राहून ती दाखवली तर त्याला उजव्याचे डावे दिसते आणि तो गोंधळतो. त्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून ती आधी सावकाश, न बोलता दाखवावी, मग प्रत्येक कृती सांगत दाखवावी आणि त्यानंतर त्याच्याकडून त्याच्याच शब्दांत वदवून करून घ्यावी. रॅपलिंग शिकवताना हार्नेसचे बक्कल आणि कॅरॅबिनरचे (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचे) लॉक नुसते पाहू नये, हात लावून तपासावे. मोकळे केस, ओढणी किंवा शर्टाचे टोक डिसेंडरमध्ये (उतरताना दोरावरचा वेग आवरणाऱ्या साधनात) अडकते, म्हणून ते आधीच बांधून घ्यायला लावावे. आणि नवख्याला मुख्य दोराखेरीज बिलेचा स्वतंत्र दोर दिल्याशिवाय कड्यावरून खाली सोडू नये. हे सारे शंभराव्या माणसालाही पहिल्या माणसाइतक्याच काळजीने सांगण्याची सवय प्रशिक्षकाला लागलीच पाहिजे.

या जबाबदारीचे गांभीर्य कोणी कमी लेखू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या संस्थेची अ‍ॅडव्हान्सची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या चढाईवर असताना हिमस्खलनात सापडली आणि प्रशिक्षणार्थींबरोबर प्रशिक्षकांनीही प्राण गमावले. अनुभवी माणसांवरही डोंगर असा प्रसंग आणू शकतो, म्हणून बचावकार्य आणि दुर्गम भागातील प्रथमोपचार यांचे स्वतंत्र शिक्षण मी अत्यावश्यक मानतो. रुग्णवाहिका काही तास पोहोचणारच नाही असे गृहीत धरून शिकवणारा, आठ-दहा दिवसांचा ‘वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा अभ्यासक्रम त्यासाठी योग्य आहे. त्याच्या प्रमाणपत्राला मुदत असते. ती संपण्यापूर्वी उजळणी करून घ्यावी.

हिमालयात शिकून आल्यावर सह्याद्रीचा अभ्यास नव्याने करावा लागतो. येथे बर्फ नाही, पण सुटणारा बेसाल्ट, वाळलेल्या गवताखालचा घसारा, मार्चपासूनचा उष्माघात, पावसाळ्यात बघता बघता फुगणारे ओढे आणि कड्यांवरची आग्या मोहोळे आहेत. मोहोळ असलेल्या वाटेवर धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळण्याची सूचना पायथ्याशीच द्यावी आणि माघारीची वाट आधी ठरवून ठेवावी. एखाद्या जुन्या गिर्यारोहण संस्थेत ज्येष्ठ प्रशिक्षकांच्या हाताखाली निदान दोन हंगाम साहाय्यक म्हणून काम केल्याशिवाय स्वतंत्र तुकडी घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

पुढे स्वतःची शिबिरे व्यावसायिक स्वरूपात भरवायची असतील, तर महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. त्यासाठी आपली प्रमाणपत्रे, विम्याची कागदपत्रे, साहित्याची खरेदी व तपासणी यांच्या नोंदी आणि आपत्कालीन आराखडा तयार ठेवावा. सोबत पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवून तिच्यात तारीख, ठिकाण, हवामान, तुकडीतील माणसांची संख्या, आपण कोणती भूमिका पार पाडली आणि कोणती अडचण आली हे प्रत्येक मोहिमेनंतर त्याच दिवशी लिहावे.