जुने टर्बो सीचे प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवताना

नाशिकमध्ये पदविका किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या हाती जुने टर्बो सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम आले आहेत, किंवा सातपूर-अंबडच्या ज्या कारखान्यात हिशेबाचा असा एखादा प्रोग्रॅम अजून वापरात आहे, त्यांनी नव्या विंडोजवर अडचण आल्यास आधी एकच गोष्ट पाहावी: कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारे साधन, येथे टर्बो सी) सुरूच होत नाही, की सुरू होऊन प्रोग्रॅम नाकारतो? हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ केल्यानेच वेळ जातो.

कंपायलर सुरूच होत नसेल, तर कारण सरळ आहे. बोर्लंडचा टर्बो सी प्लस प्लस 3.0 हा डॉससाठीचा 16 बिटचा प्रोग्रॅम असून 64 बिटच्या विंडोजमध्ये तसे प्रोग्रॅम चालवण्याची सोयच नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही साधत नाही. डॉसबॉक्स हे नव्या संगणकावर डॉसचे वातावरण उभे करणारे सॉफ्टवेअर घ्यावे आणि त्यात माउंट आज्ञेने टर्बो सीचे फोल्डर जोडावे. त्यानंतर इन्क्लूड फाइल उघडत नसल्याची तक्रार आली, तर ऑप्शन्स मेनूतील डिरेक्टरीज येथे नवा मार्ग लिहावा.

परीक्षेपुरते एवढे पुरते. रोजच्या कामाचा प्रोग्रॅम मात्र जीसीसी या आजच्या कंपायलरवरच आणावा, असे माझे ठाम मत आहे. तेथे दुसरा दोष दिसतो, म्हणजे कंपायलर सुरू होऊन प्रोग्रॅम नाकारतो; तेव्हा चुकांची लांबलचक यादी दिसली तरी फक्त पहिली चूक दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे, कारण पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच उपजलेल्या असतात. आयओस्ट्रीमपुढचे डॉट एच 1998 च्या प्रमाणकात उरले नाही, ते काढावे व एसटीडी नेमस्पेस जोडावी. व्हॉइड मेनऐवजी इंट मेन लिहावे. गेट्सच्या जागी एफगेट्स वापरावे. हेडर न जोडता फंक्शन वापरलेला सी प्रोग्रॅम पूर्वी केवळ इशारा देऊन पुढे जाई. 2024 च्या जीसीसी 14 पासून तेथेच अडतो.

खरा धोका मात्र चूक न दाखवता बिघडणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. टर्बो सीमध्ये इंट 2 बाइटचा, म्हणजे 32767 पर्यंतचा असतो. आजच्या संगणकांवर जीसीसीमध्ये तो 4 बाइटचा असतो. शिवाय जीसीसी स्ट्रक्चरमधील घटकांमध्ये रिकामे बाइट सोडू शकतो. त्यामुळे जुन्या प्रोग्रॅमने बायनरी फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी नवा प्रोग्रॅम बिनतक्रार, पण चुकीच्या वाचतो. अशा स्ट्रक्चरमध्ये 16 बिटचा निश्चित लांबीचा प्रकार वापरून पॅक 1 हा प्रॅग्मा, म्हणजे रिकामे बाइट न सोडण्याची कंपायलरला सूचना, द्यावा. मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवून, डॉसबॉक्समधील जुन्या प्रोग्रॅमचे व नव्याचे आकडे शेजारी ठेवून नोंद न् नोंद ताडून पाहावी आणि ते जुळल्याखेरीज नवा प्रोग्रॅम कामावर लावू नये.