व्हीलचेअर घेऊन दिवाळीत सिंगापूर: आधी टेप शोधा, तिकीट मग

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरात "यंदा कुठेतरी बाहेर जाऊ" सुरू होतं आणि मग बोलता बोलता सगळ्यांची नजर हळूच माझ्या चेअरकडे जाते. आठ वर्षं झाली चेअरवर, पाय अजिबात चालत नाहीत, त्यामुळे पायरी एक असो की दहा, मला सारखीच. तरी आम्ही सिंगापूर करून आलो, मी, आई, दादा आणि वहिनी. सिंगापूरच का, तर मुंबईहून थेट फ्लाइट आहे, साधारण साडेपाच तासांची, आणि तिथे बस आणि एमआरटी म्हणजे मेट्रो, दोन्हीत चेअरसकट चढता येतं, कोणी उचलून घ्यावं लागत नाही. पहिल्यांदाच देशाबाहेर निघणाऱ्या चेअरवाल्यांना मी तरी डोळे मिटून हेच सांगेन.

सुरू करायच्या आधी एक. "हो हो मॅडम, होऊन जाईल" हे वाक्य फोनवर खूप ऐकू येणार आहे, एअरलाइनकडून, एजंटकडून, हॉटेलकडून. ते उत्तर धरायचं नाही. उत्तर म्हणजे सेंटिमीटर, किलो, वॉट-अवर आणि फोटो, आणि तेही ईमेलवर.

खाली स्टेप 1, स्टेप 2 असं लिहिणार होते पण स्टेप्सशी माझं जमत नाही, म्हणून कामं म्हणते.

काम 1: चेअर मोजा

टेप घ्या आणि रुंदी (सगळ्यात रुंद जागी), लांबी, घडी केल्यावरची उंची आणि बॅटरीसकट वजन एका कागदावर लिहा, फोटो काढून फोनमध्ये ठेवा, पुढचे तीन महिने तो लागणार आहे. घडीची उंची कशाला, तर लहान विमानाच्या कार्गोचं दार ठेंगणं असतं आणि न दुमडणारी उंच चेअर तिथे आडवी करायला बघतात.

इलेक्ट्रिक चेअर असेल तर बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. 24 व्होल्ट, 12 अँपिअर-अवर असेल तर 288. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला 300 वॉट-अवरची मर्यादा आहे, म्हणजे ही बसली, पण 20 अँपिअर-अवरवाली 480 होते आणि ती अडकते. हल्ली "लाँग रेंज" म्हणून दुकानदार मोठी बॅटरी गळ्यात मारतात, प्रवास करायचा असेल तर आधी विचार करा. काढलेली बॅटरी केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवायची, टर्मिनलला, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांना, चिकटपट्टी लावून. जास्तीची एक 300 पर्यंतची किंवा दोन 160-160 पर्यंतच्या नेता येतात. कंपनीकडून बॅटरीचं पत्र आणि टेस्ट रिपोर्ट मागवून घ्या, काउंटरवर वाद घालण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

काम 2: तारीख आणि तिकीट

तीन-चार महिने आधी. बाकीचे लोक भाव बघून लवकर बुक करतात, आपण जागा बघून, कारण मोठ्या हॉटेलातसुद्धा चेअरसाठीच्या खोल्या मोजक्याच असतात आणि सुट्टीत त्या आधी संपतात. अगदी दिवाळीच्याच दिवशी तिथे असायचा हट्ट करू नका. लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीतली रोषणाई कित्येक आठवडे आधीपासून सुरू असते, आणि ऐन सणाला तिथल्या सेरांगून रोडवर इतकी गर्दी होते की चेअरवरून फक्त लोकांच्या कंबरा आणि पिशव्या दिसतात.

थेट फ्लाइटच घ्या. मध्ये विमान बदललं की चेअर दोनदा चढते, दोनदा उतरते आणि मोडायची संधी डबल.

तिकीट काढल्यावर लगेच एअरलाइनला तुमचा कोड कळवा, आणि प्रवासाच्या 48 तास आधी परत एकदा. कोड तीन आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही पण पायऱ्या जमतात, डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्या जमत नाहीत पण विमानात सीटपर्यंत चालता येतं, आणि डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत सगळं चाकावर. एजंट सवयीने पहिला टाकतात. माझ्या पहिल्याच प्रवासात तसंच झालं होतं, मग विमानाच्या दारात अरुंद आइल चेअर (सीटांमधल्या वाटेतून जाणारी चाकांची खुर्ची) येईपर्यंत अर्धा तास मी तिथेच आणि आतले लोक माना वळवून बघतायत. नुसती व्हीलचेअरची मदत हवी म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट मागता येत नाही, हे डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात आहे, नम्रपणे आठवण करून द्या.

आणि इथे जरा राग काढते. रांग चुकवायला म्हणून धडधाकट काका-काकू व्हीलचेअर बुक करतात ना, सुट्टीच्या सीझनमध्ये त्यांच्यामुळे ज्यांना खरंच लागते त्यांना माणूस मिळत नाही. नका करू.

काम 3: हॉटेल

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. वेबसाइटवर "ॲक्सेसिबल" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लिफ्ट आहे इथपासून ते बाथरूममध्ये चेअर फिरते इथपर्यंत काहीही असू शकतो. मी एका हॉटेलला विचारलं, ते म्हणाले फुल्ली ॲक्सेसिबल, जाऊन बघते तर शॉवरच्या आधी चांगला चार बोटं उंच उंबरा. चार दिवस बादलीने अंघोळ, तीही सिंगापूरच्या उकाड्यात.

म्हणून हे प्रश्न ईमेलने: बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती सेंमी (दार उघडल्यावरची, चौकटीची नाही), शॉवरला उंबरा आहे का, बसायला स्टूल आहे का, कमोडच्या कोणत्या बाजूला चेअर लागते आणि दांडी कोणत्या बाजूला, पलंगाची उंची किती. मी डावीकडून सरकते, त्यामुळे उजवीकडे जागा असलेलं बाथरूम मला निम्मंच उपयोगी. फोटो मागा, आणि दाराजवळ टेप धरून काढलेला मागा. लाजायचं नाही. जे फोटो पाठवायला कंटाळतात ते पुढेही कंटाळतात.

काम 4: व्हिसा, औषधं, फराळ

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, अधिकृत एजंटमार्फत होतो, चेअरमुळे वेगळं काही नाही. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. युडीआयडी म्हणजे आपलं सरकारी दिव्यांग ओळखपत्र सोबत असू द्या पण तिथे सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. इन्शुरन्स घेताना आधीपासूनचा आजार म्हणून सगळं खरं लिहा, आणि चेअर मोडली तर ती "सामान" धरतात का, एका वस्तूला मर्यादा किती, हे पॉलिसीत वाचा, बहुतेक वेळा ती रक्कम चेअरच्या किमतीपुढे काहीच नसते.

औषधांबाबत सिंगापूर फार कडक आहे. झोपेच्या आणि काही तीव्र वेदनाशामक गोळ्यांना तिथल्या हेल्थ सायन्सेस अथॉरिटीची परवानगी आधी लागते, दोन-तीन आठवडे हातात ठेवून बघा. चिठ्ठी, गोळ्या मूळ पाकिटात.

आणि खसखस. हसू नका, तिथे खसखस आणायला बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. आमच्या आईने करंजीचं सारण खसखस घालून केलं होतं आणि अनारशांवर तर असतेच, शेवटच्या रात्री डबा परत भरला, चकली आणि शेव गेली, करंज्या शेजारच्या काकूंकडे.

काम 5: विमानतळ आणि विमान

तीन-साडेतीन तास आधी पोचा. काउंटरवर सांगायचं की विमानाच्या दारापर्यंत मी माझ्याच चेअरवर जाणार आणि उतरतानाही ती दारातच हवी, आणि तसा टॅग लावून घ्यायचा, नाहीतर ती सुटकेसबरोबर बेल्टवर जाते. चारी बाजूंनी फोटो काढा. कुशन, फूटरेस्ट, जॉयस्टिक, जे जे निघतं ते काढून केबिनमध्ये घ्या. विमान लांब उभं असेल तर बस आणि शिडी येते, तिथे अँबुलिफ्ट (चेअर विमानाच्या दारापर्यंत वर नेणारी लिफ्टची गाडी) मागायची, उचलून न्यायला "चार माणसं आहेत ना" म्हणतील, नको म्हणा.

आता टॉयलेट, ज्याबद्दल कोणी लिहीत नाही. बऱ्याच विमानांत ते इतकं चिमुकलं असतं की एकटीने सरकणं अशक्य. बोर्डिंगच्या आधी विमानतळावरच्या मोठ्या टॉयलेटला जाऊन या, कॅथेटर किंवा लेग बॅग (पायाला बांधायची लघवीची पिशवी) वापरत असाल तर ती रिकामी करून निघा, पण पाणी बंद करू नका, मी केलं होतं आणि दोन दिवस इन्फेक्शनने झोपून होते. सीटवर स्वतःचं कुशन घाला, तासाभराने वजन इकडून तिकडे करा.

काम 6: तिथे फिरणं

1987 साली एमआरटी सुरू झाली तेव्हा लिफ्ट नव्हत्या, नंतर सगळ्या स्टेशनात बसवल्या. म्हणजे लिफ्ट आहे, पण जुन्या स्टेशनात प्रत्येक एक्झिटला नाही, म्हणून निघतानाच लिफ्टवाला एक्झिट बघून ठेवा. बसला मधल्या दाराने चढायचं, ड्रायव्हर (तिथे त्याला बस कॅप्टन म्हणतात) उतरून रॅम्प टाकतो, आणि चेअर पाठीमागे तोंड करून लावायची. मला पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं, माझ्यासाठी अख्खी बस थांबलीय म्हणून. कोणी वळूनही बघत नव्हतं.

मरीना बे आणि गार्डन्स बाय द बे सपाट, निवांत. लिटल इंडिया आणि चायनाटाऊनमध्ये जुन्या दुकानांपुढची ओसरी मात्र वरखाली, मध्येच पायरी, तिथे रस्त्याच्या कडेने जावं लागतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, स्टुलं जमिनीला ठोकलेली असतात, कडेचं टेबल शोधा.

दुपारी हमखास पाऊस येतो. जॉयस्टिकवर हॉटेलातली शॉवर कॅप चढवायची, फुकट आणि अगदी मापात. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ॲडॅप्टर घरूनच न्या, चार्जरला व्होल्टेजचा प्रश्न येत नाही.

काम 7: परत आल्यावर

घरी जायची घाई असते, पण मुंबईला विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी चेअर चालवून बघा, ब्रेक, चाकं, जॉयस्टिक, आणि जातानाच्या फोटोंशी ताडून पाहा. काही वाकलं असेल तर तिथल्या तिथे लेखी तक्रार आणि तिची प्रत. बाहेर पडून गाडीत बसलात की मग "ते आधीपासूनच असेल" ऐकावं लागतं. घरी आल्यावर काही सापडलं तर सात दिवसांच्या आत लेखी कळवायचं, फोनवर नाही.