अमेरिकेतल्या अपिलाच्या तारखा कोल्हापुरातून कशा सांभाळायच्या

राजारामपुरीत रात्रपाळीला बसून तिकडच्या वकिलांसाठी फेडरल अपिलाच्या तारखा लावत असाल तर आधी कोर्टाची शेड्यूल ऑर्डर (त्या केसच्या तारखा ठरवणारा कोर्टाचा आदेश) उघडून बघा, त्यात काही नसेल तरच तिकडच्या फेडरल अपील नियमांतला नियम ३१ धरा, म्हणजे रेकॉर्ड (खालच्या कोर्टातली कागदपत्रं) दाखल झाल्यापासून अपील करणाऱ्याच्या ब्रीफला, म्हणजे लेखी युक्तिवादाला, ४० दिवस, ते बजावल्यापासून समोरच्याला ३०, मग प्रत्युत्तराला २१. शेवटचा दिवस शनिवार-रविवारी किंवा तिकडच्या सुट्टीला आला तर पुढचा कामाचा दिवस.

मुदतवाढ पाहिजे तर त्याच नियमांतल्या नियम २६ खाली अर्ज, आणि तो मुदत संपायच्या आधीच टाका बरं का, नुसतं 'काम जास्त आहे' लिहू नका, कुठल्या केसची सुनावणी कधी आहे, नेमके किती दिवस पाहिजेत ते लिहा. अपिलाच्या नोटिशीची (अपील करतोय असं कळवणाऱ्या पहिल्या कागदाची) मुदत मात्र या अर्जानं वाढत नाही.

मुदतीचा दिवस तिकडच्या मध्यरात्री संपतो, आणि न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपले सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा, मी टेबलासमोर त्या वेळेचं दुसरं घड्याळच लावलंय.