राणीने गादी बळकावली, पण वाचकाला पटलं नाही? या चुका टाळा

काल्पनिक राज्याच्या कथेत हा प्रसंग बऱ्याचदा असा लिहिला जातो: रात्री राजाच्या पेल्यात विष पडतं, सकाळी राणी सिंहासनावर बसते आणि अख्खा दरबार गुडघे टेकतो. वाचक इथेच अडखळतो, आणि त्याचं बरोबर असतं. राजपत्नीची सत्ता उसनी असते. राजा आहे म्हणून ती राणी आहे. त्यालाच दूर केलं की ती फक्त विधवा उरते. मग तिचा हुकूम कोण पाळणार आणि का?

कथा इथे अडली असेल तर विषाचा प्रसंग बाजूला ठेवा आणि पहारेकऱ्यांपासून सुरुवात करा. रशियाची दुसरी कॅथरीन मूळची जर्मन राजकन्या. 1744 मध्ये ती रशियात आली, भाषा शिकली, तिथला ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारला. गादी मिळाली 1762 मध्ये, म्हणजे 18 वर्षांनी. तिच्या नवऱ्याने, सम्राट तिसऱ्या पीटरने, प्रशियाकडून जिंकलेला मुलूख परत देऊन टाकला होता आणि आता डेन्मार्कशी लढायला निघायचं म्हणत होता. राजधानीतल्या पहाऱ्याच्या पलटणी चिडलेल्या होत्या. कॅथरीन आधी त्यांच्याकडे गेली, मग चर्चमध्ये. पीटरला पकडायला निघाली तेव्हा तिच्या अंगावर त्याच पलटणींचा गणवेश होता. तुमच्या राणीसाठी तलवार उपसणारा पहिला माणूस कोण, आणि राजाने त्याचं काय बिघडवलं होतं? हे ठरल्याशिवाय पुढचं पान लिहू नका.

दुसरी चूक म्हणजे वारसाला विसरणं. कॅथरीनचा मुलगा पॉल तेव्हा सात वर्षांचा होता. त्याचा शिक्षक पानिन कटात सामील होता, पण त्याच्या मनात तिने मुलाच्या नावाने राज्य करावं असं होतं. हा पेच मला विषापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो: राणीचे साथीदार तिला पालक समजून मदत करतात आणि ती मात्र मुकुटच घेते. मूल आहे की नाही, आहे तर कुणाच्या ताब्यात, हे वाचकाला आधीच कळू द्या.

नुसतं 'तिने सत्ता घेतली' असंही लिहू नका. सत्ता कशात दिसते? नाण्यांत, प्रार्थनेत, सहीत. इजिप्तमध्ये 1250 साली सुलतानाची विधवा शजर अल-दुर्र गादीवर आली तेव्हा तिची सही 'खलीलची आई' अशी असे. सुलतानापासून झालेला तिचा हा मुलगा कधीच वारला होता, तरी त्याच्या नावाचा आधार तिला सोडता आला नाही. साधारण 80 दिवसांत तिला पायउतार व्हावं लागलं. याउलट बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याची सम्राज्ञी आयरीन हिच्या सोन्याच्या नाण्यावर दोन्ही बाजूंनी तिचाच चेहरा आहे. तुमच्या राज्यातल्या नाण्यावर काय कोरलंय ते एका वाक्यात सांगा. मग दरबारातलं लांबलचक भाषण लिहावं लागणार नाही.

राजा मूर्ख, राणी दुष्ट ही जोडी तर टाळाच.

वेळेचं गणितही चुकतं. चीनची वू झेत्येन 655 मध्ये सम्राटाची पट्टराणी, म्हणजे सम्राज्ञी झाली. सम्राट सतत आजारी, कारभार हळूहळू तिच्याकडे. 683 मध्ये तो गेल्यावर तिने एकामागून एक दोन मुलांना गादीवर बसवलं आणि उतरवलं. 690 मध्ये तिने स्वतःच सम्राट हे पद घेतलं, तेही स्वतःच्या नव्या राजवंशाच्या नावाने. तोवर कागदांवर तिचा निर्णय चालण्याची दरबाराला सवय झाली होती. ही सवय दाखवायला तीन-चार छोटे प्रसंग पुरतात: आजारी राजाऐवजी तिने वाचलेला अर्ज, तिने बदललेला सुभेदार, तिच्याकडेच आधी आलेला जासूद.

मुकुट डोक्यावर चढल्यावर कथा संपवण्याची घाई बऱ्याच जणांना होते. आयरीनला 802 मध्ये खाली खेचलं ते तिच्याच खजिन्याच्या प्रमुखाने. कटात तुमच्या राणीला मदत करणाऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, तिने त्याला काय कबूल केलं होतं. त्यातलं जे तिला देता येणार नाही, तिथून पुढचं प्रकरण सुरू करा.