स्टोरेज नेटवर्कची आखणी: एचबीए कार्ड सर्वांत शेवटी निवडावे

स्टोरेजच्या कामात नव्याने येणारे बहुतेक जण आधी विचारतात, की सर्व्हरसाठी कोणते एचबीए (होस्ट बस अ‍ॅडॅप्टर, म्हणजे सर्व्हरला स्टोरेज नेटवर्कशी जोडणारे) कार्ड घ्यावे. सुरुवातीला मीही तेच विचारत असे. आता या प्रश्नाचे उत्तर मी आखणीच्या अगदी शेवटी देतो, कारण कार्ड हा सर्व्हरपासून डिस्कपर्यंतच्या वाटेतला केवळ एक टप्पा आहे आणि बाकीची वाट ठरल्याशिवाय केलेली त्याची निवड अंदाजपंचे होते.

सुरुवात भारापासून करावी. एखादा डेटाबेस सेकंदाला 20,000 वेळा 8 किलोबाइटचे तुकडे वाचत-लिहीत असेल, तर एकूण वाहतूक सेकंदाला साधारण 160 मेगाबाइट एवढीच भरते. फायबर चॅनेल या खास स्टोरेजसाठीच्या नेटवर्कचा 16 गिगाबिटचा पोर्ट एका दिशेने सेकंदाला सुमारे 1,600 मेगाबाइट वाहून नेतो, म्हणजे या डेटाबेसला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. इथे पाहायचा असतो तो प्रत्येक विनंतीला लागणारा वेळ. त्याच सर्व्हरचा रात्रीचा बॅकअप मात्र मोठे तुकडे सलग वाचत जातो आणि तोच पोर्ट सहज भरून टाकतो. म्हणून दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगवेगळे घ्यावेत. चोवीस तासांची सरासरी काढली, की दोन्ही गोष्टी तिच्यात बुडून जातात.

फायबर चॅनेल की आयस्कझी (इथरनेटवरून चालणारी स्टोरेजची वाहतूक), या वादात फार वेळ घालवू नये. इथरनेट नीट सांभाळणारी माणसे हाताशी असतील आणि स्टोरेजसाठी स्वतंत्र स्विच देता येत असतील, तर आयस्कझी उत्तम चालते. कार्यालयीन वाहतुकीच्याच स्विचवर ते टाकायचे असेल, तर मी नको म्हणेन.

वाटा दोन असाव्यात हे सर्वांना पाठ असते, परंतु त्या खरोखर दोन आहेत का, हे क्वचितच कोणी तपासते. माझ्या एका जुन्या कामात सर्व्हरवर मल्टिपाथची (स्टोरेजकडे जाणाऱ्या सर्व वाटा दाखवणारी) आज्ञा दिली की चार वाटा दिसत आणि चारही चालू असत. फर्मवेअर बदलण्यासाठी एक स्विच बंद केला आणि चारही वाटा एकदम गेल्या, फाइल सिस्टिम केवळ वाचनापुरती उरली. कार्डाच्या दोन्ही पोर्टच्या केबल मीच एकाच स्विचमध्ये लावल्या होत्या. प्रत्येक पोर्टला स्टोरेजचे दोन कंट्रोलर दिसत असल्यामुळे आकडा चार भरत होता. तेव्हापासून दोन फॅब्रिक, म्हणजे स्विचची दोन जाळी, मी पूर्ण वेगळी ठेवतो, त्यांचे स्विच एकमेकांना जोडत नाही, आणि सर्व्हर कामाला लावण्यापूर्वी भार चालू असताना एकेक केबल स्वतःच्या हाताने उपसून पाहतो. महत्त्वाच्या सर्व्हरमध्ये दोन पोर्टचे एक कार्ड घेण्याऐवजी एकेका पोर्टची दोन कार्डे घ्यावीत, असे माझे मत आहे. कार्ड जळाले तर त्याचे दोन्ही पोर्ट एकदमच जातात.

सर्वांत जास्त फसगत होते ती स्लॉटमध्ये. मदरबोर्डवरचा लांब स्लॉट पाहून त्यात आठ लेन (डेटा वाहून नेणाऱ्या मार्गिका) असतील असे वाटते, पण पुष्कळदा आतून चारच जोडलेल्या असतात. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत चार लेनमधून एका दिशेने सेकंदाला जेमतेम 3.9 गिगाबाइट जातात, तर 32 गिगाबिटचे दोन पोर्ट मिळून 6.4 गिगाबाइट मागतात. अशा स्लॉटमध्ये कार्ड बसते, दिवे लागतात, कुठे त्रुटीचा संदेशही येत नाही. वेग तेवढा वर सरकत नाही. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा तपशिलासह चालवली, तर कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्षात मिळालेली रुंदी या दोन्ही ओळी समोर येतात, त्या पहिल्याच दिवशी ताडून पाहाव्यात. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो प्रोसेसर बसवलेला नसेल, तर तिथले कार्ड सर्व्हरला दिसतच नाही. कार्ड खराब समजून परत पाठवण्यापूर्वी सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेतील स्लॉटचा तक्ता उघडावा. बाकी मग कार्ड, त्याचे फर्मवेअर, ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा संच स्टोरेज बनवणाऱ्याच्या सुसंगतता यादीत आहे का, एवढे पाहायचे राहते.

वेगवेगळ्या पिढ्या एकत्र आणताना ऑप्टिकल मॉड्यूलही (पोर्टमध्ये बसणारा, फायबर केबल जोडायचा भाग) तपासावे. 32 गिगाबिटचे मॉड्यूल 16 आणि 8 वर उतरते, 4 वर उतरत नाही. अंतरही आक्रसते: ओएम3 दर्जाच्या फायबर केबलवर 16 गिगाबिटला 100 मीटर मिळतात, 32 गिगाबिटला 70 मीटरच.

झोनिंग करताना, म्हणजे कोणत्या पोर्टला कोणता पोर्ट दिसावा हे स्विचवर ठरवताना, एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट आणि त्याला लागणारे स्टोरेजचे पोर्ट ठेवावेत. झोनची संख्या वाढते, लिहायचा कंटाळा येतो, पण मग एका सर्व्हरच्या रीबूटचा उपद्रव दुसऱ्याला होत नाही. झोन बहुधा डब्ल्यूडब्ल्यूएनवर (वर्ल्ड वाइड नेम, म्हणजे पोर्टचा स्वतःचा पत्ता) बांधलेले असतात. सोळा अंकाक्षरांचा हा पत्ता कार्डावरच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि झाकण लावल्यावर दिसत नाही, म्हणून कार्ड बसवण्यापूर्वी मी स्टिकरचा फोटो काढून ठेवतो. जळालेले कार्ड बदलले की हा पत्ताही बदलतो. नवा पत्ता झोनमध्ये आणि स्टोरेजवरच्या होस्टच्या नोंदीत, अशा दोन्ही ठिकाणी घालेपर्यंत त्या पोर्टवरून एकही लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) दिसत नाही.