स्वाझी शेजारी राहायला आले तर बोलायला सुरुवात कशी करायची

आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एस्वातिनीची एक मुलगी शिकायला आलीये, आणि पहिले दोन महिने आम्ही सगळे लिफ्टमध्ये तिच्यासमोर मोबाईलमध्ये डोकं घालून उभे, मला ते फार लागलं, मग तिलाच विचारून विचारून थोडं शिकले. तुमच्याकडे कोणी असेल तर करून बघा.

आधी देशाचं नाव. स्वाझीलँड नाही, 2018 पासून एस्वातिनी. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिकच्या मधे, आपल्या पुणे जिल्ह्याहून जरासाच मोठा. भाषा सिस्वाती, झुलूची सख्खी बहीण म्हणा. आपण शब्दाच्या शेवटी प्रत्यय लावतो, ते सुरुवातीला लावतात: एक माणूस लिस्वाती, अनेक एमास्वाती, भाषा सिस्वाती. त्यांचे पैसेपण तसेच, एक लिलांगेनी पण दहा एमालांगेनी.

भेटलं की "सावुबोना" म्हणायचं, अर्थ साधारण "आम्ही तुला पाहिलं", बोलणारा एकटा असला तरी "आम्ही"च, मला हे इतकं आवडलं ना! समोर दोघं-तिघं असतील तर "सानिबोनानी". उत्तर येतं "येबो", म्हणजे हो. मग "उन्जानी?", कशी आहेस, आणि प्लीज उत्तर ऐकायला थांबा, विचारून पुढे निघून जाऊ नका. आभार मानायला "न्गियाबोंगा".

"नाही" मात्र देवनागरीत लिहिताच येत नाही. वाईट वाटलं की आपण जीभ दातांमागे चिकटवून च्च करतो ना, तो आवाज आणि लगेच त्याला जोडून आ, झाला त्यांचा "नाही". मी जिन्यात उभी राहून वीस वेळा केला तेव्हा जमला.

मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारायची नाही, वडलांच्या वयाच्याला बाबे, आईच्या वयाचीला माके, आजीला गोगो. माझ्या सासूबाईंना ती पहिल्याच दिवशी गोगो म्हणाली, त्यांना अर्थ कळल्यावर त्यांनी तिला बसवूनच घेतलं.

देताघेताना उजवा हात पुढे आणि डावा हात उजव्याच्या कोपराखाली टेकवलेला, हा त्यांचा मान. मी पोह्यांची डिश दिली तेव्हा तिने तशीच घेतली, मला वाटलं हात दुखतोय की काय, नंतर कळलं. आता मीही तसंच देते.

खायला काय द्यायचं याची काळजी करू नका. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, सिश्वाला, आणि एमासी म्हणजे आंबवलेलं घट्ट दूध हे त्यांचं घरचं जेवण, त्यामुळे आपलं दही लगेच आवडतं.

आणि आडनाव जरूर विचारा, त्याला सिबोंगो म्हणतात, आडनावाने हाक मारणं तिकडे मानाचं. द्लामिनी असेल तर ते राजघराण्याचं कुळ, आणि हे आडनाव खूप जणांचं असतं. आपण "काय पाटील, कसं काय" म्हणतो, अगदी त्याच सुरात "सावुबोना द्लामिनी" म्हणा.