नॉर्वेजियन क्रियापदाची व्युत्पत्ती कशी शोधावी

शब्द वाडवडिलांकडून येतात तसे शेजाऱ्यांकडूनही येतात, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. कन्नडात सुपारीला ‘अडके’ म्हणतात हे ठाऊक असल्यामुळे ‘अडकित्ता’ कोठून आला, हे त्याला चटकन उमगते. नॉर्वेजियन क्रियापदाकडे हीच नजर घेऊन जावे.

उदाहरणादाखल ‘ब्ली’ (होणे) हे अगदी रोजचे क्रियापद घ्यावे. प्रथम बूकमोल आणि नीनॉर्स्क या दोन्ही लेखनप्रमाणांचे शब्दकोश पाहावेत. ते इंटरनेटवर मोफत आहेत आणि त्यांत बहुधा शब्दापाठोपाठच व्युत्पत्ती दिलेली असते. नीनॉर्स्कमध्ये ‘ब्ली’च्या जोडीला त्याच अर्थाचे ‘वेर्ते’ सापडते. अशी जोडी दिसली की त्यांतले उसने कोणते, हे आधी तपासावे.

त्यासाठी जुन्या लेखनाकडे जावे. १३व्या शतकातील नॉर्स (नॉर्वेजियनची पूर्वज भाषा) गद्यात ‘होणे’ या अर्थी ‘वेर्दा’ येते आणि ‘वेर्ते’ हे त्याचेच आजचे रूप आहे. ‘ब्ली’ मात्र मध्ययुगीन निम्न जर्मनमधील (उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशातील भाषेतील) ‘ब्लीव्हेन’वरून आले. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातील जर्मन व्यापाऱ्यांनी १३६०च्या सुमारास बर्गन बंदरात आपले ठाणे स्थापले आणि त्यांच्या भाषेतील शेकडो शब्द नॉर्वेजियनमध्ये रुजले. उसनेपणाची खूण शब्दाच्या अंगावरही आहे. ‘ब्लीव्हेन’मधला पहिला ‘ब’ हा ‘बे-’ या उपसर्गाचा अवशेष होय, आणि असे आघातहीन (उच्चारात जोर न पडणारे) उपसर्ग प्राचीन नॉर्समधून जवळजवळ लोपले होते. म्हणून ‘बेताले’ (पैसे चुकते करणे) यासारखे क्रियापद भेटले, की सर्वांत आधी निम्न जर्मनचा कोश उघडावा.

संस्कृतकडे वळायचे ते यानंतरच. आपल्याकडे बहुतेक जण तेथूनच सुरुवात करतात आणि फसतात. ‘वेर्दा’ आणि संस्कृत ‘वर्तते’ सगोत्र आहेत, पण ते केवळ कानाला सारखे लागतात म्हणून नव्हे. मूळ ‘त’चे जर्मानिक शाखेत (नॉर्स, जर्मन, इंग्रजी या भाषांच्या कुळात) ठरावीक रीतीने घर्षक वर्णात (हवा घासत बाहेर पडून होणाऱ्या ध्वनीत) रूपांतर झाले, आणि हाच बदल ‘भ्राता’ व नॉर्स ‘ब्रोदिर’ या जोडीतही दिसतो. अशी दुसरी जोडी मिळाल्याशिवाय नाते मान्य करू नये. आपले ‘वर्तणे’ याच कुळातले आहे.

‘ब्ली’च्या मुळाशी ‘चिकटणे’ या अर्थाचा धातू आहे. त्यावरून ‘राहणे’ आणि पुढे ‘होणे’ असा अर्थ सरकत गेला. त्याच धातूचे संस्कृत रूप ‘लिम्पति’, आणि त्यावरून आपण भिंत ‘लिंपतो’.